सान मार्झानोचा डबा: जादा पैसे कुठे वसूल होतात आणि कुठे नाही

गेली अकरा वर्षे मी मिलानमध्ये राहते आणि या काळात माझ्या स्वयंपाकघरातील खालची फळी सोललेल्या टोमॅटोंच्या डब्यांशिवाय कधी राहिलेली नाही. हे परीक्षण त्यांपैकी सर्वांत नावाजलेल्या डब्याचे आहे. 'पोमोदोरो सान मार्झानो देल्लाग्रो सार्नेझे-नोचेरीनो डीओपी' असे त्याचे पूर्ण नाव असून (शेवटचे 'डीओपी' म्हणजे युरोपीय संघाचे मूळस्थानाचे संरक्षण) दक्षिण इटलीतील कांपानिया प्रदेशात पिकलेले, सोललेले अख्खे टोमॅटो त्यात असतात. साध्या डब्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे देऊन हा डबा घ्यावा का, असे पुण्यातील माझी वहिनी विचारते आणि न्यू जर्सीतील मावसबहीणही विचारते. दोघींना दर वेळी तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, असे ठरवले.

आधी सॉस म्हणजे कोणता सॉस ते स्पष्ट करते. आपल्याकडे टोमॅटो सॉस म्हटले की समोशाबरोबर येणारी आंबटगोड बाटली डोळ्यांसमोर येते. इथे घरोघरी ज्याला 'सुगो' म्हणतात, तो टोमॅटो, ऑलिव्ह तेल, लसूण किंवा कांदा, मीठ आणि बेझिलची पाने एवढ्यांतच होतो. त्यात गरम मसाला नाही, तिखट नाही, साखर नाही, की घट्टपणासाठी पीठही नाही. इतक्या कमी जिन्नसांत टोमॅटोचा दोष झाकायला जागाच उरत नाही. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात एखादा पाणचट टोमॅटो खपून जातो, पण सुगोत तो पहिल्या घासाला कळतो. म्हणूनच या पदार्थाची निम्मी परीक्षा दुकानात डबा निवडताना होते, आणि चूल पेटवल्यावर हातात फार थोडे उरते.

सान मार्झानो हे टोमॅटोच्या वाणाचे नाव आहे आणि नेपल्सच्या आग्नेयेला सार्नो नदीच्या खोऱ्यात असलेल्या एका गावाचेही. वेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेने घडलेली तिथली माती भुसभुशीत आणि खनिजांनी समृद्ध आहे. सालेर्नो, नेपल्स आणि अवेल्लीनो या तीन प्रांतांतील ठरावीक गावांच्या हद्दीत पिकलेल्या आणि तिथेच डबाबंद झालेल्या टोमॅटोलाच हे नाव लावता येते, असे संरक्षण युरोपीय संघाने १९९६ साली दिले. आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनाशी याचे जवळचे नाते आहे, पण नियम अधिक काटेकोर आहेत. वेल आधाराच्या काठ्यांवर उभे वाढवावे लागतात आणि फळे जुलैअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, जशी पिकतील तशी टप्प्याटप्प्याने हाताने तोडावी लागतात. पुल्या प्रदेशातील फोज्जाच्या सपाट रानांत यंत्र एका फेरीत अख्खे शेत उचलते, आणि साध्या डब्यांतील लांबट टोमॅटो बहुतांशी तिथून येतात. मजुरीतील हा फरक किमतीत उतरणे साहजिक आहे. फळ लांबट, टोकाला निमुळते, कमी बियांचे आणि भरपूर गराचे असते. त्याची साल सहज सुटते, आणि डबाबंद करण्यासाठी हे वाण नावारूपाला येण्यामागे हा गुण मोठा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विषाणूजन्य रोगांमुळे आणि संकरित वाणांच्या प्रसारामुळे त्याची लागवड फारच घटली होती. निवड पद्धतीने जपलेल्या बियाण्यांमुळेच ते आज टिकून आहे, आणि म्हणून या डब्याबद्दल मला केवळ चवीपलीकडचा आदरही वाटतो.

हे नाव विकले जाते म्हणूनच त्याचा गैरवापरही होतो. अमेरिकेतील दुकानांत 'सान मार्झानो' असे ठळक अक्षरांत छापलेले डबे दिसतात, पण त्यांतील काहींमधले टोमॅटो अमेरिकेतच पिकलेले असतात. बियाणे त्या वाणाचे असेलही, पण माती आणि नियम ते नव्हेत. तेव्हा डबा हातात घेतल्यावर समोरच्या चित्राकडे न पाहता मागची बारीक अक्षरे वाचावीत. वर दिलेले पूर्ण नाव, लाल-पिवळी गोल युरोपीय मुद्रा, उत्पादकांच्या संघाचे चिन्ह आणि त्या डब्याचा स्वतःचा क्रमांक, एवढ्या गोष्टी असतील तरच डबा खरा समजावा. आणखी एक सोपी खूण आहे. हे संरक्षण ज्या स्वरूपाला मिळाले ते सोललेल्या अख्ख्या किंवा उभ्या चिरलेल्या टोमॅटोंचे, त्यामुळे चौकोनी तुकड्यांच्या डब्यावर हे नाव दिसले की मी तो परत फळीवर ठेवते.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी तीन डबे शेजारी शेजारी उघडले. पहिला सान मार्झानो डीओपी, दुसरा पुल्यातील साध्या लांबट टोमॅटोंचा आणि तिसरा मावसबहिणीने अमेरिकेतून आणलेला, चौकोनी तुकड्यांचा. पहिले दोन चारशे ग्रॅमचे होते. चारशे ग्रॅमच्या डब्यावर निथळलेले वजन बहुधा २४० ग्रॅम लिहिलेले असते, म्हणजे आपण जे विकत घेतो त्याचा जवळपास चाळीस टक्के भाग रस असतो. मी चाळणीत दहा मिनिटे निथळत ठेवून वजन केले, तेव्हा डीओपी डब्यातून २६१ ग्रॅम टोमॅटो निघाले आणि साध्यातून २४६. एकेका डब्याच्या वजनावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, पण रसातील फरक मात्र डोळ्यांना दिसत होता. पहिल्या डब्यातला रस दाटसर होता आणि चमच्याच्या पाठीला धरत होता, दुसऱ्यातला पातळ होता.

कच्ची चव घेतल्यावर खरा फरक कळला. डीओपी टोमॅटो जिभेवर दाबताच विरघळला. त्याचा गोडवा आधी आला, आंबटपणा मागून आला आणि शेवटी मांसल, खमंग म्हणावी अशी चव रेंगाळली. साध्या डब्यातला टोमॅटो चांगला होता, पण आंबटपणा पुढे होता आणि मधला दांडा थोडा कडक होता. तिसऱ्या डब्यातील तुकडे दाताखाली करकरीत लागले. त्याचे कारण घटकांच्या ओळीत सापडले, ते म्हणजे कॅल्शियम क्लोराइड. कॅल्शियम टोमॅटोतील पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते, म्हणून तुकड्यांचा आकार टिकतो. सॅलडमध्ये किंवा राजम्यात ते उपयोगी असेल. सॉसला मात्र नेमके उलटे हवे असते, आणि मी ते तुकडे चाळीस मिनिटे शिजवले तरी ते तुकडेच राहिले, भोवती पाणी वेगळे दिसत राहिले. अमेरिकेतील वाचकांना माझी एवढी एकच विनंती आहे की घरचा सुगो करायचा असेल तर चिरलेल्या टोमॅटोंचा डबा घेऊ नये, अख्ख्यांचा घ्यावा, मग तो कोणत्याही गावचा असो.

आता शिजवण्याविषयी, कारण डबा कितीही चांगला असला तरी चुकीच्या हाताने तो वाया जातो. माझ्याच मजल्यावर सालेर्नोजवळच्या खेड्यातून आलेल्या एक वयस्क सिन्योरा राहतात. ऑगस्टच्या मध्यात गावी जाऊन सगळ्या भावंडांसह शंभर-दीडशे बाटल्या टोमॅटो भरण्याची त्यांची पद्धत कालपरवापर्यंत चालू होती. अंगणात मोठे हंडे, लहानांच्या हाती बेझिलची पाने, मोठ्यांच्या हाती गाळण्याचे यंत्र, असे त्या वर्णन करतात तेव्हा मला चैत्र-वैशाखातल्या आमच्या गच्चीवरच्या कुरडया आणि सांडगे आठवतात. सुगो मी त्यांच्याकडून शिकले, आणि शिकताना माझी पहिली सवय त्यांनी मोडली ती फोडणीची.

आपला हात तेल कडकडीत तापवून त्यात लसूण लालसर करण्याकडे जातो. इथे ते चालत नाही, कारण तांबूस झालेल्या लसणाचा कडवटपणा पूर्ण सॉसभर पसरतो. चारशे ग्रॅमच्या डब्याला तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल घ्यावे, त्यात लसणाची एक ठेचलेली अख्खी पाकळी थंड तेलातच टाकावी आणि मंद आचेवर तिला फक्त वास सुटू द्यावा. कडा पिवळसर दिसू लागताच टोमॅटो घालावेत. लसूण आणि कांदा दोन्ही एकाच वेळी घालू नयेत, हा सिन्योरांचा नियम मी अजून पाळते, कारण दोन्ही घातल्यावर टोमॅटो मागे पडतो. शेवटी ती पाकळी काढून टाकायची असते.

टोमॅटो आधी एका भांड्यात काढून हाताने कुस्करावेत आणि देठाकडचा कडक भाग असेल तेवढा काढावा. मिक्सर मुळीच लावू नये. त्याची दोन कारणे आहेत. मिक्सरमध्ये हवा मिसळून लाल रंग फिकट नारिंगी होतो, आणि बिया चिरडल्या जाऊन किंचित कडवटपणा येतो. अगदी एकजीव सॉस हवाच असेल तर हाताने फिरवायची गाळणी वापरावी. बियांभोवतीचा बुळबुळीत गर मात्र फेकू नये. टोमॅटोतील ग्लुटामेट, म्हणजे खमंग चवीचा मूळ घटक, बाहेरच्या गरापेक्षा त्यात अधिक असतो. मी पूर्वी स्वच्छतेच्या हौसेने बिया काढत असे आणि मग सॉस सपक का लागतो याचा विचार करत बसे. रिकाम्या डब्यात पाव वाटी पाणी घालून तो विसळून घ्यावा आणि ते पाणीही सॉसमध्येच घालावे.

भांडे पसरट आणि स्टीलचे असावे. लोखंडी कढईत टोमॅटोची आंबट चव धातूची होऊन बसते, आणि कल्हई नसलेल्या पितळेचा तर प्रश्नच नाही. पसरट भांड्यात पाणी लवकर उडते, म्हणून शिजण्याचा वेळ कमी होतो आणि ताजेपणा टिकतो. मध्यम आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे सॉस हलके रटरटत राहावा, मीठ मध्यावर घालावे आणि बेझिलची पाने अगदी शेवटी, हाताने तोडून. झाला की नाही हे घड्याळापेक्षा तेल अधिक चांगले सांगते. ज्या क्षणी कडेने लालभडक तेल सुटू लागते, त्या क्षणी तो झाला. टोमॅटोचा लाल रंग तेलात विरघळणारा असल्यामुळे तो तवंग इतका गडद दिसतो, आणि मिसळीच्या तर्रीवर वाढलेल्या आपल्या नजरेला ही खूण नव्याने शिकावी लागत नाही.

या पद्धतीने केलेल्या दोन सॉसांत डीओपी डबा निर्विवाद पुढे होता. वीस मिनिटांत तो मखमली झाला, गोडवा तसाच राहिला आणि साखरेची चिमूट घालावी असे एकदाही वाटले नाही. साध्या डब्याला अजून आठ-दहा मिनिटे लागली आणि शेवटी आंबटपणा बोथट करण्यासाठी मी सुपारीएवढे लोणी घातले. काही जण यासाठी खाण्याचा सोडा घालतात. आम्ल त्याने कमी होते खरे, पण चवीतली धार जाते आणि हात थोडा जरी जड झाला तरी साबणासारखी चव लागते, म्हणून तो उपाय मी सुचवणार नाही. त्याऐवजी गाजराचा बोटभर तुकडा सॉसमध्ये शिजवून काढून टाकावा.

मात्र याच डब्याचा दुसरा प्रयोग मला स्पष्टपणे नापसंत वाटला. कांदा, गाजर आणि सेलरी बारीक परतून, त्यात खिमा घालून तीन तास शिजवायचा बोलोन्याच्या पद्धतीचा रागू मी दोन्ही डब्यांनी केला आणि घरातल्या चार माणसांना न सांगता वाढला. कोणालाही फरक ओळखता आला नाही, मलाही नाही. इतक्या वेळात सान मार्झानोचा नाजूक गोडवा परतलेल्या भाज्यांच्या आणि मांसाच्या चवीत विरून जातो. लसूण, मिरची आणि ऑलिव्ह यांच्या झणझणीत सॉसचेही तेच, आणि घरच्या भारतीय रश्श्याचेही. अशा ठिकाणी हा डबा उघडणे म्हणजे पैठणी नेसून भांडी घासायला बसण्यासारखे आहे.

डीओपी हे नाव म्हणजे प्रत्येक डबा निर्दोष असल्याची हमी नव्हे, हेही अनुभवाने सांगायला हवे. गेल्या वर्षी घेतलेल्या एका डब्यात, ज्याच्या कंपनीचे नाव मी येथे देत नाही, सालीच्या चिंध्या होत्या आणि दोन टोमॅटोंचे खांदे पिवळट-कच्चे होते. मुद्रा होती, क्रमांकही होता. म्हणून एकाच कंपनीचे सहा डबे एकदम न घेता आधी एक उघडून पाहावा. घटकांच्या ओळीत टोमॅटो, टोमॅटोचा रस, फार तर मीठ आणि बेझिल असावे. सायट्रिक आम्ल लिहिलेले असेल तर ते धोक्याचे नाही, कारण डबा सुरक्षित राहण्यासाठी पीएच ४.६ च्या खाली ठेवावा लागतो आणि त्यासाठीच ते घालतात, पण जिभेला तो जादा आंबटपणा जाणवतो. फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा घेऊ नये. उघडलेला डबा तसाच फ्रीजमध्ये न ठेवता उरलेले टोमॅटो काचेच्या बरणीत काढावेत, म्हणजे तीन-चार दिवस चांगले राहतात.

किमतीविषयी. मिलानच्या सुपरबाजारात मला साधा चारशे ग्रॅमचा डबा एक युरोच्या आसपास मिळतो आणि डीओपी दोन ते तीन युरोंना. एका डब्याचा सॉस ३२० ग्रॅम पास्त्याला, म्हणजे चार माणसांच्या मध्यम जेवणाला पुरतो, त्यामुळे जादा खर्च माणशी अर्ध्या युरोच्या आतच राहतो. रविवारच्या जेवणासाठी तो मला योग्य वाटतो, रोजच्यासाठी नाही. पुण्या-मुंबईत आयात केलेला साधा डबाही त्या मानाने महाग पडतो आणि डीओपी तर चैनीचीच वस्तू ठरते.

मग नारायणगावच्या ताज्या टोमॅटोचा सुगो का करू नये, हा वहिनीचा प्रश्न अगदी रास्त आहे. अवश्य करावा, पण बाजारातले बरेचसे टोमॅटो लांबचा प्रवास सोसावा म्हणून कडक असतानाच तोडलेले असतात. वेलीवर पूर्ण पिकलेल्या फळातला गोडवा आणि गर त्यांत नसतो. एका डब्याएवढा सॉस करायला मला पुण्यात सव्वा किलो टोमॅटो लागले. ते उकळत्या पाण्यातून काढून, सोलून, पाऊण तास आटवल्यावर जो सॉस झाला तो आंबटसर पण ताजा आणि खाण्याजोगा होता. टोमॅटो दोन-तीन दिवस परडीत ठेवून मऊ लाल होऊ दिले तर फरक पडतो. मंडईत लांबट, गरदार आणि पूर्ण पिकलेले मिळाले तर साध्या आयात डब्यापेक्षा मी तेच घेईन. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव भडकले तेव्हाचा अपवाद सोडला, तर खिशालाही ते परवडते. डीओपी डब्याशी मात्र त्याची बरोबरी होत नाही.

पास्ता उकळताना दर लिटर पाण्याला दहा ग्रॅम मीठ घालावे, तो पूर्ण शिजण्याच्या मिनिटभर आधी काढून सॉसच्याच भांड्यात, त्याच्या वाटीभर पाण्यासह परतावा. सॉस वरून ओतू नये. शाकाहारी वाचकांसाठी सांगते की पार्मिज्यानो रेज्यानो हे चीज वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, वापरूनच बनते, त्यामुळे ते चालत नसेल तर वनस्पतिजन्य रेनेटचे चीज पाहून घ्यावे किंवा चीज सोडून द्यावे. या सॉसला त्याची गरज पडत नाही.

या डब्याची किंमत सर्वांत जास्त वसूल होते ती मात्र चुलीवर नव्हे, पिझ्झ्यावर. नेपल्सच्या पारंपरिक पिझ्झ्यात टोमॅटो आधी शिजवतच नाहीत, नुसते कुस्करून मीठ घालून पोळीवर पसरतात, आणि जे काही शिजायचे ते भट्टीच्या प्रखर आचेत दीड-एक मिनिटात शिजते. डीओपी टोमॅटोचा कच्चा गोडवा तिथे जसाच्या तसा जिभेवर येतो. घरची भट्टी २५० अंशांच्या पुढे जात नाही आणि पिझ्झ्याला सात-आठ मिनिटे लागतात, म्हणून कुस्करलेले टोमॅटो अर्धा तास चाळणीत निथळत ठेवावे लागतात, नाहीतर मधली पोळी ओली राहते. खाली जमलेला वाटीभर लाल रस मी टाकत नाही. त्यात तेवढेच पाणी आणि थोडे नारळाचे दूध घालून, तुपात जिरे, हिंग आणि कढीपत्त्याची फोडणी देऊन मी त्याचे सार करते. गेल्या रविवारी सिन्योरा पिझ्झा खायला आल्या होत्या, त्यांनी त्या साराची वाटी दोनदा भरून घेतली आणि यात साखर किती घातली, असे मला विचारले. साखर घातलेलीच नव्हती.